देवीची श्रमनिद्रा आणि फ्रीझरमधली पोळी

पराठा म्हणजे पोळी की नाही, या प्रश्नावर आपल्या देशात पाच वर्षं वाद चालला. २०२० साली बेंगळुरूची आयडी फ्रेश फूड ही कंपनी कर्नाटकातल्या जीएसटीच्या प्राधिकरणाकडे गेली. त्यांचं म्हणणं असं, की आमचा पाकिटातला परोटा हा पोळीचाच प्रकार आहे, तर पोळीसारखाच ५ टक्के कर लावा. प्राधिकरणाने सांगितलं, पोळी थेट खाता येते, तुमचा परोटा आधी गरम करावा लागतो. म्हणून १८ टक्के. यावर भरपूर मीम्स झाले. पुढे गुजरातमध्ये वाडीलालच्या फ्रोझन पराठ्यांचंही तेच झालं. शेवटी २०२५च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलने पोळी, पराठा, परोटा सगळ्यांना शून्याच्या रांगेत बसवलं. नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले. त्या दिवशी घटस्थापना होती.

सरकारपुरता प्रश्न मिटला. आमच्या घरात तो आठ दिवसांनी, अष्टमीला निघाला. फक्त आमच्याकडे पराठ्याच्या जागी पुरणाची पोळी होती आणि प्राधिकरणाच्या जागी आजी.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. ज्यांच्या तोंडात अजून उस्मानाबाद बसलंय त्यांच्यासाठी सांगतो, तोच जिल्हा. तुळजाभवानी आमचं कुलदैवत. घरात घट बसतात आणि अष्टमीला पुरणाचा नैवेद्य असतो. वहिनी धाराशिवला शाळेत शिकवते, रोज बसने जाऊन-येऊन. तिने मला फोन करून सांगितलं होतं, पुण्याहून येताना फ्रोझन पुरणपोळीची पाकिटं आण. मी थर्माकोलच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून चार पाकिटं आणली. आजीने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "देवीला शिळं चालत नाही."

आता मी इंजिनिअर. 'शिळं' हा शब्द ऐकला की मला तापमान आठवतं.

फ्रोझन पदार्थ उणे १८ अंशाला ठेवतात. त्या तापमानाला जंतू वाढत नाहीत. गोठवणं जितकं झटपट, तितके बर्फाचे कण बारीक राहतात आणि पदार्थाची वीण मोडत नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआय या माणसाने हे लॅब्राडॉरच्या थंडीत पाहिलं. तिथले लोक मासे पकडले की ते क्षणात गोठायचे, आणि महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागायचे. १९२०च्या दशकात त्याने त्याचा धंदा केला. पुरणपोळी तर गोठवायला फारच सोयीची. गुळामुळे पुरणातलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यासाठी आणखी खाली जावं लागतं, आणि गोठल्यावरही पुरण दगड होत नाही. उलट उकडीच्या मोदकाचं. तांदळाच्या पिठातला स्टार्च फ्रीजच्या साध्या गारव्यात लवकर ताठरतो, म्हणून फ्रीजमधला मोदक रबरासारखा लागतो आणि त्याला पुन्हा वाफ दिली की तो मऊ होतो. म्हणजे रसायनशास्त्राला विचारलं तर महिनाभर उणे १८ला राहिलेली पोळी ही सकाळी करून दुपारपर्यंत डब्यात राहिलेल्या पोळीपेक्षा कमी शिळी असू शकते.

आजीला हे सांगून उपयोग नव्हता, कारण आजी रसायनशास्त्राबद्दल बोलतच नव्हती. ती कशाबद्दल बोलत होती हे कळायला मला बराच वेळ लागला. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी हे मान्य करू, की सोयीचं खाणं ही काही आपल्याला पुण्या-मुंबईने शिकवलेली गोष्ट नाही. मराठवाड्यातल्या घरात उन्हाळ्यात वाळवणं होतात. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बायका आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या अंगणात बसतात आणि वर्षभराची तजवीज करतात. पाहुणा आला, शेवया उकळल्या, झालं. आमच्या जिल्ह्यातला भूम-वाशीकडचा खवा घ्या. दूध काही तासांत नासतं, मोठी गिऱ्हाईकं लांब, म्हणून भट्टीवर आटवून खवा करायचा. तो टिकतो आणि लांब जातो. कुंथलगिरीचा पेढा त्यातूनच आला. वीज नव्हती तेव्हा ऊन आणि आच हेच आमचे फ्रीझर होते.

माझ्या कामात याला कॅश म्हणतात. खिशातली कॅश नव्हे. एखादं उत्तर काढायला सर्व्हरला वेळ लागत असेल तर ते आधीच काढून ठेवायचं आणि मागितलं की लगेच द्यायचं. वापरणाऱ्याला वाटतं, सिस्टीम किती फास्ट आहे. खरं तर काम तेवढंच झालेलं असतं. ते आधी झालं, दुसरीकडे झालं, आणि तुमच्या डोळ्यांआड झालं. फ्रीझरमधलं प्रत्येक पाकीट ही अशी कॅश आहे. मोमो, समोसा, पनीर पराठा, मोदक. तव्यावर लागणारी दोन मिनिटं हा त्या पदार्थाचा वेळ नव्हे, तो फक्त तुमचा वेळ.

मग पदार्थाचा वेळ किती? त्या अष्टमीला मी फोनमध्ये नोंद ठेवत गेलो. हरभऱ्याची डाळ आदल्या रात्री निवडून झाली होती. आई पहाटे पावणेपाचला उठली. सडा, अंघोळ, मग डाळ शिजायला. शिजल्यावर येळवणी काढून आमटीला बाजूला. डाळीत गूळ घालून पुन्हा आटवणं, आणि हे हलवत राहावं लागतं, नाहीतर खाली लागतं. मग पुरणयंत्र. मग कणीक तिंबणं, तेल लावून मुरत ठेवणं. मधे सोवळ्याचा स्वयंपाक: भात, आमटी, गुळवणी, भजी, कुरडया तळणं. पोळ्या लाटायला बसली तेव्हा दहा वाजून गेले होते. नैवेद्य, पाहुणे, वाटेकरी धरून पन्नासेक पोळ्या. शेवटची पोळी तव्यावरून उतरली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं. साडेआठ तास. मधे दोनदा चहा, उभ्याने. आई त्रेपन्न वर्षांची आहे आणि तिचा उजवा खांदा गेल्या दोन वर्षांपासून वर जात नाही.

हे नवरात्र कसं होतं हेही सांगायला हवं. सप्टेंबरच्या त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की परंडा-भूम भागात लोकांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं. आमच्या शिवारात सोयाबीन पाण्यात उभं होतं. शाळा, बस, बाजार सगळ्यांनी सुट्टी घेतली. पुरणाने घेतली नाही.

आणि चार पाकिटं? ती दुसऱ्या दिवशी आम्ही चहासोबत खाल्ली. म्हणजे आईचं एक मिनिटही वाचलं नाही. घरात पाकीट आलं, पण ते कामाच्या जागी आलं नाही, कामाच्या वर आलं.

असं फक्त आमच्याकडे होत नाही. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं, 'मोअर वर्क फॉर मदर'. त्यांचा प्रश्न असा होता: अमेरिकेतल्या घरात शेगडी आली, नळ आला, वॉशिंग मशीन आलं, तरी बाईचं काम का संपलं नाही? त्यांनी दाखवलं, की यंत्रांनी बऱ्याचदा काम वाचवलं ते घरातल्या इतरांचं. लाकडं फोडणारा नवरा आणि पाणी आणणारी मुलं मोकळी झाली. बाईच्या वाट्याच्या कामाचा मात्र दर्जा वाढला. कपडे धुणं सोपं झालं, तर कपडे रोज धुवायचे झाले.

गंमत अशी, की त्याच १९८३ साली अमेरिकेत 'हॉट पॉकेट' बाजारात आलं. पिठाच्या आवरणात चीज, सॉस, मांस भरलेला, मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटांत तयार होणारा पदार्थ. इराणहून आलेल्या पॉल आणि डेव्हिड मेराज या भावांनी तो काढला. मायक्रोवेव्हमध्ये पिठाचं आवरण मऊ पडतं ही अडचण होती. त्यासाठी पुठ्ठ्याच्या खोळीला आतून धातूचा पातळ थर दिला गेला. तो तापायचा आणि आवरण कुरकुरीत करायचा. २००२ साली नेस्लेने त्यांची कंपनी २.६ अब्ज डॉलरला घेतली. त्याआधी १९६८च्या सुमारास जेनो पॉलुची याने एगरोलच्या आवरणात पिझ्झाचं सारण भरून पिझ्झा रोल विकले होते. तिकडे या पदार्थांवर विनोद झाले, आरोग्याची टीका झाली. पण हॉट पॉकेट विकत आणलं म्हणून कोणाच्या घरात देव रागावला नाही, कारण ते आजी करायची असा पदार्थच नव्हता. ते जन्मालाच पाकिटातून आलं.

आपलं तसं नाही. आपल्याकडे पाकीट येतं ते आधीच भरलेल्या जागेवर. न्यू जर्सीतल्या नाहीतर लंडनमधल्या भारतीय दुकानात फ्रीझर उघडून मराठी माणूस पुरणपोळी घेतो तेव्हा त्याला कोणी दोष देत नाही, उलट 'बघा, तिकडेही सण सोडला नाही' असं कौतुक होतं. तेच पाकीट कळंब तालुक्यातल्या सुनेने मागवलं की तो आळस. पोळी एकच, बर्फ एकच. फरक एवढाच, की इथे ती लाटायला एक बाई हजर आहे. जिथे बाई हजर आहे तिथे पाकीट पाप ठरतं. म्हणजे पापाचा संबंध पोळीशी नसून त्या बाईच्या वेळेशी आहे.

भारत सरकारचं वेळ वापराचं सर्वेक्षण आहे. २०१९मध्ये घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची १० मिनिटं वाचली. पुरुषाची ९. या पाच वर्षांत किती घरांत मिक्सर, कुकर, गॅस, ॲपवरून येणारं सामान, फ्रीझरमधली पाकिटं आली असतील! त्या सगळ्याचा हिशोब १० मिनिटं.

इथे एक सोपा लेख संपवता येईल. पाकिटं आणा, बायकांना मोकळं करा, आजीकडे दुर्लक्ष करा. माझं मन तिथे थांबत नाही, कारण तीन गोष्टी आड येतात.

पहिली, पाकिटातली पोळीही कोणीतरी लाटलेली असते. काही ठिकाणी यंत्र लाटतं, काही ठिकाणी रांगेत बसलेल्या बायका. म्हणजे आपण एका बाईचं काम काढून दुसऱ्या बाईला दिलं का? हो, काही प्रमाणात तेच झालं. पण दोन कामांत फरक आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज त्याला लिज्जत म्हणतात. पापड लाटणं हे त्या आधीही करतच होत्या, घरी, फुकट. लिज्जतमध्ये त्याला दर मिळाला आणि लाटणारी मालकीणही झाली. सगळ्या कारखान्यांत असं होत नाही. कंत्राटावर, नगावर, खुर्ची-पंखा नसलेल्या शेडमध्येही पोळ्या लाटल्या जात असणार. तरी तिथे निदान एक गोष्ट असते: घड्याळ. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, किती पोळ्या, किती रुपये. आमच्या स्वयंपाकघरात साडेआठ तास मोजणारा मी पहिलाच होतो, आणि ते पाहून आई हसली. "लिहून काय करणारेस, बिल लावणारेस का?"

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आईला पोळी करायला आवडतं. हे मी आईच्या वतीने ठोकून देत नाही, तिनेच सांगितलंय आणि तिच्या हातात दिसतं. पुरण किती आटलं हे ती उलथनं उभं राहतं का यावरून ओळखते. कणकेपेक्षा पुरण जास्त भरून पोळी न फुटता लाटणं ही साधी गोष्ट नाही. गावात लग्नकार्य असलं की पुरणाला आईला बोलावतात. शेती कोणाच्या नावावर, पैसे कुठे लावायचे, मुलगी कुठे द्यायची, यात आमच्याकडे आईचा शब्द शेवटचा कधीच नव्हता. पुरणात होता. तिथे वडीलही 'तू म्हणशील तसं' म्हणतात. आता मी पाकीट आणून तिला सांगणार, की तुला या कष्टातून मुक्त केलं? ज्या एका जागी तिचं राज्य आहे ती जागा काढून घ्यायची आणि वर उपकार म्हणायचे?

तिसरी गोष्ट, कौशल्य वापरलं नाही तर जातं. दोन पिढ्या पाकीट आणलं की तिसऱ्या पिढीत पोळी करावीशी वाटली तरी येणार नाही. तेव्हा पाकीट ही निवड राहणार नाही, तीच सक्ती होईल.

तर मग काय? मला वाटतं, आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. 'हातची की पाकिटातली' हा चवीचा प्रश्न आहे, तो ज्याने त्याने सोडवावा. नीतीचा प्रश्न वेगळा आहे: करणाऱ्या माणसाला 'आज नाही' म्हणता येतं का?

आपण म्हणतो, आईच्या हातच्या पोळीत प्रेम असतं. असेलही. पण जी गोष्ट न देण्याची मुभाच नाही तिला भेट कशी म्हणायची? ऑफिसात पगारातून आपोआप कापला जाणारा टॅक्स आपण देशाला भेट म्हणून देत नाही. तो कापला जातो. आईचे साडेआठ तास असेच कापले जातात आणि आपण त्यावर 'प्रेम' अशी पावती फाडतो. त्यात प्रेम नसतं असं नाही. पण प्रेम किती आणि सक्ती किती हे कळायला मार्गच ठेवलेला नाही. तिलाही नाही.

पाकीट इथे उपयोगी पडतं. खाण्यापेक्षाही ते घरात असण्याचा उपयोग मोठा आहे. फ्रीझरमध्ये चार पाकिटं आहेत म्हणजे आज आईचा खांदा दुखला तर सण बुडणार नाही. 'नाही' म्हणण्याची किंमत कमी झाली. आणि एकदा 'नाही' परवडायला लागलं, की मग ती जी पोळी करेल ती खरोखर तिने दिलेली असेल. पाकिटाने हातच्या पोळीची किंमत कमी होते असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं. पाकीट आल्यावरच हातची पोळी पहिल्यांदा भेट होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, जगात अशी पूर्ण मोकळी भेट नसतेच. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूंवर मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, समाजात देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं असतात. ठीक आहे, मान्य. मग मॉसच्याच हिशोबाने विचारू: पन्नास पोळ्यांच्या बदल्यात परत काय जातं? 'वहिनी, पुरण फर्मास झालंय' एवढं वाक्य जातं. पाहुणे वाटणी घेऊन जातात, पुरुष वामकुक्षी घेतात, आई भांडी घासते. देणं आणि घेणं आपण परंपरा म्हणून जपलं. परत करणं तेवढं परंपरेतून गळालं.

आता आजीच्या 'शिळं'कडे येतो. मी तिला विचारलं, की आपण तुळजापूरला जातो तेव्हा पुजाऱ्यांच्या घरी उतरतो, शिधा नाहीतर पैसे देतो, नैवेद्य त्यांच्या घरातल्या बायका करतात. तो कसा चालतो? तोही विकतचाच. आजी म्हणाली, "त्यांच्या घरची बाई आपल्यासाठी उठलेली असती पहाटं." तेव्हा मला तिचा अर्थ लागला. शिळं म्हणजे जुनं झालेलं नव्हे. शिळं म्हणजे जे करताना तुझ्यासाठी, या दिवसासाठी, कोणी उठलं नव्हतं. कारखान्यातली बाईही पहाटे उठलेली असते, पण ती कोणासाठी उठली हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. तिथे वजन, तारीख, कॅलरी लिहिलेल्या असतात.

हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. कोणीतरी आपल्यासाठी उठलं, या जाणिवेची भूक माणसाला असते. पुण्यात फ्लॅटवर रात्री अकराला मोमो गरम करून खाताना पोट भरतं, ती भूक नाही भरत. पण त्या भुकेसाठी दर वेळी एकाच माणसाने का उठायचं, हा प्रश्न आजीच्या उत्तरात नाही.

त्याचं उत्तर मला तुळजापूरच्या देवळात सापडतं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीन वेळा देवी सिंहासनावरून पलंगावर निजते. नवरात्राआधी भाद्रपदात घोरनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी पौषात मोहनिद्रा, आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशी लढून देवी दमली, म्हणून ती झोपते. त्यासाठीचा पलंग अहिल्यानगर जिल्ह्यातून वाजतगाजत येतो. सोलापूर, कर्नाटकाकडून लाखो लोक चालत पौर्णिमेला येतात. त्यातला एकही माणूस म्हणत नाही, की देवी आळशी झाली.

श्रमनिद्रा. किती नेमका शब्द आहे. काम केलं, म्हणून झोप. ही झोप शास्त्रात बसवलेली आहे, तिची तिथी ठरलेली आहे, तिच्यासाठी खास पलंग आहे. ज्या लोकांनी देवीच्या थकण्याला इतका मान दिला त्यांच्याच घरात देवीसाठी राबणाऱ्या बाईच्या थकण्याला तिथी नाही. दसरा झाला की तिच्यापुढे सोयाबीनची काढणी, मग दिवाळीचा फराळ, मग येळवसची भज्जी-आंबील, आदल्या रात्रीपासून.

हे मी आजीसमोर मांडलं. मला वाटलं, देवीचाच दाखला दिल्यावर ती काही बोलणार नाही. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "देवीला निजवायला पुजारी असत्यात. मला कोण होतं?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. आजीने साठ वर्षं पाटा-वरवंट्यावर पुरण वाटलं, चुलीवर पोळ्या भाजल्या. तिला पाकीट नव्हतं, 'नाही' नव्हतं, घड्याळ नव्हतं. आता नातसुनेने चार पाकिटं आणून सण साजरा केला, तर आजीच्या साठ वर्षांचं काय? ती वर्षं वाया गेली का? तिच्या 'शिळं चालत नाही'मध्ये देवीची काळजी आहे, पण आपल्या आयुष्याला कोणी बिनकामाचं म्हणू नये ही धडपडही आहे. सोयीच्या बाजूने बोलणाऱ्या आपण सगळ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. नवी सोय आली की ती फक्त पुढच्यांचं ओझं उतरवत नाही. मागच्यांनी वाहिलेलं ओझं गरजेचं नव्हतं असंही ती न बोलता सांगते. म्हणून ती सोय घरात आणताना मागच्यांच्या पाया पडून आणावी लागते. तर्क देऊन नाही आणता येत.

वहिनीचं म्हणणं सगळ्यांत साधं होतं. "मला पोळी येते. येत नाही म्हणून नाही मागवली. सातची बस असते म्हणून मागवली." आणि आई, जिच्यावरून हे सगळं चाललं होतं, तिने भांडी पुसता पुसता एवढंच सांगितलं: "मला करायचा कंटाळा नाही रे. पण कधीतरी कुणी विचारावं, आज करतीस का म्हणून."

तुमच्या घरात पुढच्या सणाला पाकीट आणायचं की नाही, ते मी सांगणार नाही. पण आईचा हा प्रश्न घेऊन जा. तो विचारायच्या आधी दोन गोष्टींची तयारी करावी लागते. एक, ती 'नाही' म्हणाली तर तोंड वाकडं करायचं नाही, आणि त्यासाठी फ्रीझरमध्ये काहीतरी असलेलं बरं. दोन, ती 'हो' म्हणाली तर दुसरं लाटणं कोणाच्या हातात आहे ते आधी ठरवायचं. कारण 'हो' म्हटल्यावर पुन्हा एकटीनेच साडेआठ तास काढायचे असतील तर तो प्रश्न नुसता शिष्टाचार झाला.

आमच्याकडे सध्या असं ठरलंय, की देवीपुढच्या पाच पोळ्या घरी होतील, ज्याला त्या दिवशी उठता येईल त्याने करायच्या. आजी शेजारी बसून सांगेल. दादा कणीक तिंबायला शिकतोय. त्याची पहिली पोळी फुटली आणि पुरण तव्यावर करपलं, त्यावर आजी मनापासून हसली. बाकीच्या पंगतीला पाकिटं चालतील, यावर आजीने होही म्हटलं नाही आणि नाहीही. त्या पाचांतली एखादी करायची का, हे आईने अजून ठरवलेलं नाही. तिला विचारलंय.